ओल्या वादीचं खोगीर

मालोजी जिनगरानं खोगिराला पहिला टाका घातला तो सातव्या वर्षी, आणि त्याच टाक्यासाठी पहिला मार खाल्ला. बाप खालापुरात रस्त्याच्या कडेला बसायचा. डाकेचे टांगे घाटातून धावत होते तेव्हापासून जिनगरांची बैठक तिथंच होती. पुढं आगगाडी घाट चढून गेली, टांगे बंद झाले, पण हे घर काही उठलं नाही. बापानं पोराच्या टाक्यावरून नख फिरवलं. ते एका जागी अडकलं. शेजारी पडलेली लाकडी मोगरी उचलून त्यानं पोराच्या बोटांवर हाणली.

"का मारलं?"

"टाका वर आला," मालोजी हुंदके देत म्हणाला.

"मग काय हुतंय?"

"घोड्याला टोचंल."

"घोडा येईल का तुला सांगाया?"

"नाय."

"म्हणून मी सांगतो," असं म्हणून बापानं दुसऱ्याही हातावर एक ठेवून दिली.

मार खात खात पोरगा शिकला. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून उजवी सुई इकडून, डावी तिकडून. दोन्ही हातांची ओढ सारखी. असा टाका मध्येच तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. दोऱ्याला मेण किती लावायचं, म्हशीचं कातडं कुठं वापरायचं आणि बैलाचं कुठं, हे सगळं त्याच्या हातात बसलं. पण बापाचा खरा जीव होता तो आतल्या सांगाड्यावर. कातडं दिसतं, गादी दिसते. ओझं पेलतो तो लाकडाचा सांगाडा, आणि तो कुणालाच दिसत नाही. दोन बाजूंना दोन फळ्या, पुढं त्यांना जोडणारी कमान. कमान घोड्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्यावरून जाते, पण त्याला टेकत नाही. दोन बोटांची फट राहिलीच पाहिजे. ती फट बुजली की माणसाचं सगळं वजन घोड्याच्या हाडावर येतं.

बाप कमान धामणीच्या लाकडाची करायचा, कारण धामण लवते, मोडत नाही. जुनं खोगीर दुरुस्तीला आलं की तो ते मांडीवर घ्यायचा, दोन्ही बाजू गुडघ्यांत दाबायचा आणि कान लावायचा. आत कर्र वाजलं की संपलं. "उघडावं लागंल," एवढंच म्हणायचा. एकदा एका जमीनदाराच्या कारभाऱ्यानं हट्ट धरला की उघडू नको, वरून नवं कातडं मार. बापानं खोगीर रस्त्यात फेकलं. कारभाऱ्यानं चाबकानं त्याची पाठ फोडली. बाप आठ दिवस पालथा निजला. नवव्या दिवशी उठून बसला आणि पोराला म्हणाला, "वाजणारं खोगीर झाकायचं नाय."

बाप मेला तेव्हा मालोजी पंचवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धाच्या लढाईसाठी कारागिरांची भरती सुरू झाली, आणि तो खेचरांच्या पलटणीबरोबर जहाजात बसून बसऱ्याला गेला. तिथं त्यानं विलायती खोगिरं पाहिली, उघडली, जोडली. त्यांच्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्या होत्या, मोजमाप केसाइतकं बिनचूक होतं. शिकायला मिळालं खूप, पण कसं शिकायला मिळालं ते तो कधी धड सांगत नसे. तोफेचा गोळा खेचरांच्या रांगेत पडला की कारागिरांना पुढं धाडायचे. जनावर जिवंत आहे का मेलेलं हे बघायचं नाही. पोटाखाली हात घालून तंग, खोगीर आवळणारा पट्टा, कापायचा आणि खोगीर सोडवून आणायचं. खेचरं पुष्कळ होती, खोगिरं कमी. आतडी बाहेर आलेलं खेचर कधीकधी मान वळवून बघायचं. मालोजी तंग कापायचा आणि पुढच्या खेचराकडं जायचा.

लढाई संपल्यावर तो परत आला, तेव्हा त्याच्या वाट्याचं खालापूरचं घर भाऊबंदांनी घेतलं होतं. त्यानं भांडण केलं नाही. बायकोला, आवडीला घेऊन तो कर्जतच्या बाजारात आला आणि एका पडवीत बसला. आवडी दोरा वळायची, मेण लावायची. बोलण्यात तिखट होती. "तुमी बसऱ्यावरनं काय आणलंत? न्हाई सोनं, न्हाई कापड. आणलीत ती ही मुकी जीभ," असं म्हणायची.

कर्जतला काम होतं, पण सगळं ठिगळांचं. माथेरानवर साहेबलोक आणि मुंबईचे शेठ हवा खायला यायचे, त्यांना फिरवायला घोडे लागायचे. त्या घोड्यांवर लिलावात घेतलेली जुनी खोगिरं असायची. कुणाचा तंग तुटला, कुणाची रिकीब निसटली, कुणाच्या गादीतला भुसा गळतोय. मालोजी सगळं शिवून द्यायचा. रिकीब ज्यावर लोंबते ती त्याची कातडी वादी तर नाव काढण्यासारखी होती. घोडेवाले म्हणायचे, माणूस तुटेल पण मालोजीची वादी तुटायची नाही. पण पहिल्या लाकडापासून शेवटच्या टाक्यापर्यंत स्वतःचं म्हणावं असं खोगीर त्यानं आठ वर्षांत एकही केलं नव्हतं. कुणी सांगतच नव्हतं. बापाकडून शिकलेलं, बसऱ्यात शिकलेलं, सगळं हातात साचून राहिलं होतं.

सत्तावीस सालच्या नवरात्रातल्या अष्टमीला, दुपारी, गजा ठोंबरे पडवीसमोर घोड्यावरून उतरला.

गजाचे बारा घोडे होते. पावसाळ्यात ते नेरळला पायथ्याशी असत, दसरा झाला की माथेरानवर चढत. अंगानं रेड्यासारखा, आवाज त्याहून मोठा. त्याच्या चाबकाला टोकाशी शिशाची गोळी होती आणि ती घोड्यांपुरती नव्हती. गेल्या साली त्यानं एका मोतद्दाराचा, घोडे सांभाळणाऱ्या गड्याचा, डोळा फोडला होता, आणि तो मोतद्दार अजून त्याच्याकडंच कामाला होता.

"मालोजी, हे बघ जरा," म्हणत त्यानं खोगीर पडवीत टाकलं. विलायती होतं. वरचं कातडं फाटलं होतं.

मालोजीनं ते मांडीवर घेतलं, गुडघ्यांत दाबलं, कान लावला.

कर्र.

"सांगाडा तडकलाय, गजाशेठ. कमानीत. उघडावं लागंल."

"किती दिवस?"

"नवी कमान घालाया आठ दिवस."

"परवा दसरा, परवा शर्यत. माळावर मुंबईचे दोन शेठ येणारेत. पाखऱ्या पळणार, त्याच्यावर हेच बसतंय. बाकीची त्याच्या पाठीवर बसत नायत." गजा खाली बसला. आवाज उतरवून म्हणाला, "ऐक. पाखऱ्या जिंकला तर हे शेठ माझ्याकडं घोडे ठेवणार. बारा खोगिरं नवी पायजेत मला. लिलावातली नाय. तू करायची. लाकडापास्नं."

मालोजीचे हात खोगिरावरच थांबले. आत आवडी दोरा वळत होती, तिचाही हात थांबला.

"बारा?"

"बारा. पण हे आज पायजे. उद्या सकाळी आपल्या शुक्राला धाडतो घ्यायला."

मालोजीनं बाहेर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. जिनगरांच्या घरात अष्टमीला दिवेलागणीला हत्यारं खाली ठेवतात. आरी, रापी, सुया, मोगरी, सगळी धुऊन पाटावर मांडायची. नवमीला त्यांची पूजा, आणि दसऱ्याला सकाळी आरती झाल्यावरच ती पुन्हा उचलायची. मधला एक दिवस हत्याराला हात लावायचा नाही. बापानं कधी लावला नव्हता. बसऱ्यातसुद्धा मालोजीनं लावला नव्हता. आजारी असल्याचं सोंग करून पडून राहिला होता.

म्हणजे हातात चार तास होते.

"तात्पुरतं करतो," तो म्हणाला. "पण दौडीला नको. चालीवर चालंल."

"बरं बरं," गजा उठला. "तू कर तर."

कमानीवरचं कातडं उसवून मालोजीनं तडा पाहिला. सुरीच्या पात्याएवढा होता. यावर एकच उपाय: कच्च्या कातड्याची वादी पाण्यात भिजवायची, ओली असताना कमानीभोवती आवळून गुंडाळायची, आणि उन्हात निदान तीन दिवस सुकू द्यायची. सुकताना ती आकसते आणि लाकडाला लोखंडासारखी धरते. मालोजीनं वादी भिजवली, गुंडाळली, दातांत धरून आवळली. काम चोख झालं. आता ती सुकेपर्यंत उघडी राहायला हवी होती.

सूर्य डोंगराला टेकला. आवडी पाट घेऊन आली.

"अवो, हत्यारं?"

"जरा थांब."

"दिवा लावायची वेळ झाली."

मालोजीनं ओल्या वादीवर नवं कातडं ओढलं आणि शिवायला घेतलं. शेवटचा टाका पडला तेव्हा आवडी हातात दिवा घेऊन उभी होती. तिनं खोगिराकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"ओलं हाय ना आत?"

"सुकंल."

"झाकल्यावर?"

त्यानं सुया धुतल्या आणि पाटावर ठेवल्या.

त्या रात्री हस्ताचा पाऊस आला. नवमीलाही दिवसभर हवेत असा दमटपणा होता की भिंतीला हात लावला तर ओला होई. सकाळी शुक्रा खोगीर न्यायला आला. तिशीतला ठाकर, डोंगराखालच्या वाडीतला, गजाचा सर्वात जुना माणूस. पाखऱ्या शिंगरू होता तेव्हापासून त्यानंच वाढवलेला. शर्यतीत त्याच्यावर बसणारही तोच.

"मालोजीदादा, काय झकास केलंस रं!" त्यानं कातड्यावरून हात फिरवला. "पाखऱ्याला आरशात दाखवाया पायजे. सगळं पक्कं ना?"

पाटावर हत्यारं फुलांखाली झाकलेली होती. त्यांना हात लावता येत नव्हता. बारा खोगिरं मालोजीच्या डोळ्यांसमोर ओळीनं उभी होती.

"पक्कं," तो म्हणाला.

शुक्रा खोगीर डोक्यावर घेऊन गाणं गुणगुणत गेला. दिवसभर मालोजीला जेवण गेलं नाही.

दसऱ्याला सकाळी आरती झाली. मालोजीनं पाटावरची रापी, कातडं कापायची सुरी, उचलली, धोतराच्या कनवटीला खोचली आणि दहिवलीपल्याडच्या माळाकडं निघाला. जाऊन शुक्राला सांगायचं, खोगीर उघडायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

माळावर जत्रा भरली होती. आजूबाजूच्या गावांतून, वाड्यांतून माणसं आली होती. शुक्राची म्हातारी आई कोंडी होती, मोठा भाऊ पोशा होता. कमरेला कोयता, डोक्याला नवं फडकं. पाखऱ्या खूर आपटत उभा होता. लालसर, कपाळावर पांढरा टिळा. शुक्रा त्याचा तंग आवळत होता.

"शुक्रा," मालोजी जवळ गेला. "जरा ते खोगीर..."

"काय रं मालोजी!" खुर्च्यांवर बसलेल्या शेठांजवळून गजा ओरडला. "ऐन वेळेला खोगीरभरती कराया आलास का? का तुलाच बसायचंय पाखऱ्यावर?"

लोक हसले. एक शेठही हसला. कुणीतरी म्हणालं, "जिनगर घोड्यावर आणि घोडा जिनगरावर!" त्यावर सगळा माळ हसला. शुक्राही हसला आणि म्हणाला, "दादा, मागनं बोलू."

मालोजी दोन पावलं मागं सरला. त्या दोन पावलांचं त्याला पुढं आयुष्यभर आश्चर्य वाटत राहिलं. बसऱ्यात गोळे पडत असताना तो पुढं गेला होता.

घोडे सुटले.

पहिल्या पल्ल्याला पाखऱ्या तिसरा होता, दुसऱ्याला पहिला. वळणावर शुक्रानं त्याला पूर्ण सोडला, आणि त्याच ठिकाणी घोड्यानं अशी किंकाळी मारली की लोकांनी कानांवर हात ठेवले. तो उभ्या उभ्या हवेत उडाला. पाठ कमानीसारखी वर, डोकं खाली. शुक्रा फेकला गेला, पण त्याचा डावा पाय रिकिबीत अडकला. पाखऱ्या उधळला. शुक्रा त्याच्या पोटाखाली, मग मागच्या पायांखाली, मग दगडांवर. प्रत्येक उडीला मागचा खूर त्याच्यावर पडत होता. लोक ओरडत होते, "वादी तुटंल! वादी तुटंल!" मालोजीची वादी होती ती. तुटली नाही. पाखऱ्या नदीच्या काठाला जाऊन थांबला तेव्हा रिकिबीला जे लोंबत होतं त्याला तोंड उरलं नव्हतं.

कोंडी धावत गेली आणि मुलाच्या छातीवर पडली. पोशानं भावाचा पाय रिकिबीतून सोडवला.

गजानं घोड्याला ओढत आणून आंब्याला बांधलं आणि चाबूक घेतला. शिशाची गोळी घोड्याच्या तोंडावर, कानावर, डोळ्याजवळ बसत होती. रक्ताचे थेंब शेठांच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाले तसे ते उठून गेले. "माणूसमाऱ्या! माझ्या इज्जतीचा भुगा केलास!" गजा प्रत्येक फटक्याला ओरडत होता. घोडा मागं हटायचा, दोर ताणायचा, आणि पाठ खाली दाबून थरथरायचा. मालोजीनं ते थरथरणं पाहिलं. घोडा चाबकाला भिऊन अंग आखडत नव्हता. तो खोगिराखालून निसटायला बघत होता. आणि खोगिराच्या पुढच्या कडेखालून, दोन्ही खांद्यांवर, रक्ताची धार उतरत होती. तिथं चाबूक लागलाच नव्हता.

"बंदूक आणा कुणीतरी," गजा म्हणाला.

"बंदूक कशाला?" पोशा पुढं आला. त्यानं कोयता काढला होता. चेहरा दगडासारखा. "माझा भाव मेलाय. मीच तोडतो त्याला."

लोकांनी वाट करून दिली. माणूस मारलेल्या जनावराला सोडत नाहीत. पोशानं पाखऱ्याची आयाळ मुठीत धरली आणि कोयता उचलला.

"पोशा, थांब!"

मालोजी धावत मध्ये शिरला. घोड्याच्या मानेला पाठ लावून उभा राहिला.

"त्याचा गुन्हा नाय. खोगीर उतरवा. उघडा ते."

"बाजूला हो," गजा म्हणाला.

"गजाशेठ, मी तुमाला सांगितलं होतं, दौडीला नको..."

चाबूक त्याच्या तोंडावर बसला. गाल फाटला, दोन दात तोंडातच निखळले. दुसरा फटका मानेवर. तिसऱ्याला मालोजी गुडघ्यावर आला, पण हलला नाही. रक्त थुंकून त्यानं वर पाहिलं आणि कनवटीची रापी काढली. गजा क्षणभर दचकून मागं झाला. त्याला वाटलं आपल्यावर येतोय. मालोजीनं वळून तंग कापला. एका ओढीत, जसा बसऱ्यात कापायचा तसा. खोगीर खाली पडलं. पाखऱ्याच्या खांद्यांमधल्या उंचवट्यावर मूठ जाईल एवढा खड्डा होता आणि त्यात पांढरं काहीतरी दिसत होतं.

मालोजी खोगीर घेऊन जमिनीवर बसला आणि आपणच घातलेले टाके फाडत गेला. कातडं उलटलं. आतली वादी सुकलीच नव्हती. झाकलेल्या ओलीनं ती फुगली होती, ढिली पडली होती, आणि धुतलेल्या आतड्यासारखी घसरून मातीत पडली. कमान मधोमध दुभंगली होती. तिचं एक टोक भाल्यासारखं खाली वळलं होतं आणि टोकाला घोड्याचं मांस चिकटलं होतं.

लोक वाकून बघू लागले.

"बघा," गजा ओरडला. "बघा सगळ्यांनी! ह्यानं केलं! ह्या जिनगरानं मारला शुक्राला!"

"होय," मालोजी म्हणाला. तुटक्या दातांतून शब्द नीट येत नव्हते, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "होय. सांगाडा वाजत होता. गजाशेठना म्हायीत होतं, मला म्हायीत होतं. शुक्राला नव्हतं. त्यानं मला इचारलं, पक्कं ना? मी म्हणालो, पक्कं."

पोशा ऐकत होता. मालोजीचं बोलणं संपलं तसा तो घोड्यापासून वळला. कोयता वर गेला तेव्हा मालोजीनं नकळत डावा हात आडवा केला. कोयता त्या हातावर आला. अंगठा आणि शेजारचं बोट एकदम मातीत पडली. मालोजीनं त्यांच्याकडं पाहिलं. दुखायला अजून वेळ होता.

कोयता दुसऱ्यांदा वर गेला. मालोजीनं या वेळी हात आडवा केला नाही.

पण पोशाचा हात वरच राहिला. तो मालोजीला नाही, त्याच्यामागं पाहत होता. पाखऱ्या, दोर तुटेस्तोवर मान लांब करून, शुक्राच्या प्रेताकडं वळला होता आणि नाकपुड्या फुगवून वास घेत होता. कोंडी उठली. रक्तानं माखलेला पदर तसाच घेऊन घोड्याजवळ आली आणि तिनं त्याच्या जखमेवर हात ठेवला. घोडा शहारला, पण तिला लाथ मारली नाही.

"दोर सोड, पोशा," ती म्हणाली. "माझ्या लेकानं वाढवलाय हा."

पोशानं दोर कोयत्यानंच तोडला.

"ए!" गजा पुढं आला. "घोडा माझा हाय!"

पोशानं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. कोयत्यावरून मालोजीचं रक्त ठिबकत होतं. त्याच्या मागं वाडीची तीस-चाळीस माणसं येऊन उभी राहिली होती, आणि प्रत्येकाच्या कमरेला कोयता होता. गजानं चाबूक उचलला. गर्दीतून त्याचा तो एका डोळ्याचा मोतद्दार आला, त्यानं चाबकाची दोरी हातावर गुंडाळून धरली आणि सोडलीच नाही. गजानं दोनदा हिसडा दिला. मग मूठ सोडून दिली.

वाडीकरांनी शुक्राला उचललं. पाखऱ्या त्यांच्यामागून लंगडत गेला.

मालोजीच्या मनगटावर कुणीतरी फडकं आवळलं. घरी आणला तेव्हा आवडीनं जखमेत हळद दाबली आणि त्याला दातांत धरायला रापीची मूठ दिली. तिसऱ्या दिवशी फौजदार आला.

"बोटं कशी गेली?"

"रापी लागली, साहेब."

"रापीनं? दोन बोटं? हाडासकट?"

"धार चांगली लावली होती."

"आणि गाल?"

"त्या गजाशेठनं फोडला. ते लिवा."

फौजदारानं ते लिहिलं नाही, पण हसला, आणि गेला. गजा पुढच्या हंगामात माथेरानवर दिसला नाही. घोडे विकून टाकले असं ऐकू आलं.

मालोजीचा हात बरा झाला, पण डावी सुई धरायला चिमूट उरली नव्हती. तीन बोटांत सुई फिरेना. चार महिने तो पडवीत नुसता बसून राहायचा. येणाऱ्या घोडेवाल्याला आवडी सांगायची, "काम बंद हाय." पहिल्या महिन्यात येणारे पुष्कळ होते. चौथ्या महिन्यात कुणी येईना.

फाल्गुनात एका सकाळी पडवीसमोर पाखऱ्या येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावरची जखम भरली होती, वर पांढरे केस उगवले होते. दोर पोशाच्या हातात होता, आणि खांद्यावर धामणीचं लाकूड.

मालोजी उठून उभा राहिला. आवडी दारात आली आणि तिथंच थांबली.

पोशानं लाकूड पडवीत टाकलं. "माथेरानवर धंदा करायचाय. खोगीर पायजे."

"माझ्याकडनं?" मालोजीनं विचारलं.

"दुसरं कोण हाय हिकडं?" पोशा म्हणाला. त्याच्या आवाजात माफी नव्हती आणि रागही नव्हता. "पण मी हितंच बसणार. सुरवातीपास्नं शेवटापत्तुर."

तो बसला. कोयता मांडीवर ठेवून. मालोजीनं वाकलेल्या तारेनं पाखऱ्याच्या पाठीचं माप घेतलं, जुन्या खुणेपाशी दोन बोटं जास्त सोडली. धामण तासली, वाफेवर वाकवली. रापी चालवायला उजवा हात होता. लाकूड धरायला पायाचे अंगठे होते. सांगाडा जुळला. सांध्यांवर ओली वादी आवळून त्यानं तो उन्हात, पोशाच्या समोर, उघडा ठेवला.

"किती दिवस?" पोशानं विचारलं.

"चार."

"पाऊस आला तर?"

"तर आठ."

पोशा रोज सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. पहिल्या दिवशी आवडीनं भाकरी पुढं ठेवली ती त्यानं खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी तिनं सरळच विचारलं, "तुजा भाव काय गाणं म्हणायचा रं? त्या दिवशी जाताना म्हणत होता." पोशानं कोयता एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. मग म्हणाला, "त्याला एकच येत हुतं. तेबी अर्धं." चौथ्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली.

पाचव्या दिवशी वादी वाजवून पाहिली तर दगडावर नख मारल्यासारखी टणटणली. आता वर कातडं ओढायचं होतं. मालोजीनं ते पसरलं, आरीनं भोकं पाडली, दोरा सुयांत ओवला, आणि थांबला. उजवी सुई त्याच्या हातात होती. डावी दोऱ्याला लोंबत होती.

"आधी हात घाल आत," तो पोशाला म्हणाला. "सगळीकडं फिरव. मग गुडघ्यात दाब आणि ऐक. तू सांगशील तवा बंद करू."

पुढं तीच त्याच्या पडवीची रीत झाली. मालक कुणीही असो, घोड्यावर जो बसणार किंवा घोड्याबरोबर जो पळणार त्यानं येऊन आत हात घातल्याशिवाय मालोजीचं खोगीर बंद झालं नाही. त्यापायी त्याची गिऱ्हाइकं गेली, शिव्या खाव्या लागल्या, एकदा काठीही खाल्ली.

पण त्या सकाळी पोशा पहिलाच होता. त्यानं कोयता बाजूला ठेवला. कमानीखालून हात फिरवला, सांध्यांतून बोटं घातली, एका जागी थांबून पुन्हा फिरवली. खोगीर गुडघ्यांत घेतलं, अंगातला सगळा जोर लावून दाबलं, आणि कान टेकला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या.

पोशानं पुन्हा दाबलं. आणखी एकदा.

"वाजत नाय," तो म्हणाला.

आवडीनं हात पदराला पुसले, नवऱ्याच्या डाव्या अंगाला येऊन बसली, आणि तिनं डावी सुई उचलली.